कापलेल्या रुपयाचा माग

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या पगार विभागात मी काम करते. माहेर दौंडचं, सासर शिरूर तालुक्यातलं, मधे भीमा. दर महिन्याला पगारपत्रकांचा गठ्ठा माझ्या हाताखालून जातो आणि त्यातल्या कितीतरींवर 'टीडीएस', म्हणजे पगारातूनच कापलेल्या आयकराची, ओळ असते. जानेवारी-फेब्रुवारी आला की माणसं विम्याच्या, घरभाड्याच्या पावत्या घेऊन टेबलाशी येतात आणि कापला जाणारा आकडा पाहून कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, एवढे पैसे जातात तरी कुठं?" तीन पाळ्यांत राबून मिळवलेल्या पैशांबद्दलचा हा प्रश्न. त्याला मान हलवून वाटेला लावणं मला बरं वाटेना, म्हणून मी त्या पैशाच्या मागे लागले. जे कळत गेलं ते इथे मांडते आहे. तुमच्या गावात ते थोडं वेगळं दिसेल.

१. माझ्या रुपयावर माझं नाव राहत नाही. पगारातून कापलेला आयकर भारताच्या संचित निधीत जमा होतो. राज्यघटनेच्या २६६ व्या अनुच्छेदात हा निधी सांगितला आहे. कंपन्यांचा कर, सीमाशुल्क, सरकारने काढलेलं कर्ज, सगळं तिथे एकत्र येतं आणि संसदेने कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय त्यातला पैसा बाहेर निघत नाही. त्यामुळे "माझ्या टॅक्समधून हा रस्ता झाला" असं कुणालाच छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि "माझ्या टॅक्सवर अमके लोक जगतात" असंही म्हणता येत नाही. फॉर्म १६ वर एक ओळ मात्र वेगळी दिसते, ती ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकराची. इथे निदान कामाचं नाव तरी घेतलेलं आहे. पण उपकरातला वाटा राज्यांना मिळत नाही, तो सगळा केंद्राकडे राहतो. गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा परिषदेची शाळा चालवायचा रोजचा भार मुख्यतः राज्यावर असताना हे असं का, हे मला अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

२. सरकारच्या सगळ्यांत मोठ्या खर्चांपैकी एक शाळेवरही होत नाही आणि सीमेवरही नाही. तो व्याजावर होतो. अर्थसंकल्पासोबत 'रुपया येतो कुठून, जातो कुठे' असं एक चित्र येतं. २०२५-२६ चं चित्र मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे. येणाऱ्या रुपयात २२ पैसे आयकराचे, १७ कंपनी कराचे, १८ जीएसटी आणि तत्सम करांचे आणि तब्बल २४ पैसे कर्ज व इतर देण्यांचे. जाणाऱ्या रुपयात २२ पैसे राज्यांच्या करवाट्याचे, २० व्याजाचे, १६ केंद्राच्या स्वतःच्या योजनांचे, ८ संरक्षणाचे, ६ मोठ्या अनुदानांचे, ४ निवृत्तिवेतनाचे. बाकीचे केंद्रपुरस्कृत योजना, वित्त आयोगाची अनुदानं आणि इतर खर्चात.

माझ्या सासऱ्यांना, मामांना, हा कागद दाखवला. चष्मा वर करून त्यांनी २० चा आकडा पाहिला, मग २४ चा, आणि म्हणाले, "म्हंजे नवं-जुनंच की हे!" शेतकऱ्याच्या घरात याचा अर्थ सांगावा लागत नाही. मार्चअखेर सोसायटीचं पीककर्ज भरायला चार दिवसांसाठी इकडून-तिकडून पैसे उचलायचे, खातं निल करायचं, नवं कर्ज मंजूर झालं की उचललेले परत करायचे. कागदावर कर्ज फिटतं, अंगावरचं उतरत नाही. सरकारचं सगळंच कर्ज असलं नसतं, हे मान्य. कर्जाने रेल्वेमार्ग बांधला तर तो पुढची पिढीही वापरते, तिने थोडं व्याज सोसणं रास्त आहे. पण रोजचा खर्च भागवायला काढलेलं कर्ज म्हणजे आज शाळेत असलेल्या पोरांच्या उद्याच्या पगारातली कपात. निवडणुकीच्या सभेत कुणी काही फुकट देऊ म्हणालं की मला हल्ली त्या २० पैशांचं काय होईल, एवढंच विचारावंसं वाटतं.

३. महाराष्ट्र देतो खूप आणि परत मिळतं थोडं, ही तक्रार आकड्यांवर टिकते, पण तिच्या पोटात बरंच काही आहे. देशाच्या प्रत्यक्ष करांतला एक तृतीयांशाहून जास्त भाग महाराष्ट्रातून जमा होतो. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना दिला आणि त्या वाट्यात महाराष्ट्राला ६.३१७ टक्के, उत्तर प्रदेशला १७.९३९ आणि बिहारला १०.०५८ टक्के आले. आयोगाच्या सूत्रात ४५ टक्के वजन राज्य दरडोई उत्पन्नात किती मागे आहे याला होतं. शिवाय मुंबईत मुख्यालय असलेली कंपनी कमावते देशभर आणि कर भरते मुंबईत, तेही आपल्या खात्यात मोजलं जातं.

तरीही राग येतो. मग शिफ्ट सुटताना कारेगावच्या रस्त्याला लागलेली पोरं बघते. एकेका खोलीत पाच-सहा जण राहणारी ही पोरं बिहारची, उत्तर प्रदेशची, आपल्या बीड-लातूर-नांदेडची. त्यांना वाढवलं, शाळेत घातलं ते त्यांच्या गावांनी. कष्टाचं वय आलं तेव्हा ती आमच्या लाइनवर आली, त्यांच्या हातून निघालेल्या मालावर नफा झाला आणि त्या नफ्यावरचा कर महाराष्ट्राच्या नावावर लागला. त्यांच्या गावाकडे काही परत जाणं मला तरी अन्याय वाटत नाही. आणि हाच हिशोब आपण तालुक्यात लावतो का? भीमाकाठची उसाची गावं आणि केंदूर, पाबळ, कान्हूर मेसाईचा कोरडा पट्टा एकाच शिरूर तालुक्यात आहेत. दौंडमध्ये खडकवासल्याच्या कालव्याखाली बारमाही हिरवळ, तर जिरायत पट्ट्यातली माणसं जनाई-शिरसाई उपसा योजनेचं आवर्तन कधी सुटतं म्हणून वाट बघत बसलेली. पाबळला पाणी द्यायचं तर पैसा पाबळमधून उभा राहणार नाही, हे आपण सगळेच मान्य करतो.

४. पगारपत्रकावरची एक लहानशी कपात सगळ्यांत लांब जाऊन पोहोचली होती. व्यवसाय कर. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. त्याहून जास्त घ्यायला राज्यघटनाच परवानगी देत नाही. महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना २०२३ पासून तो माफ आहे. नवीन लागलेली मुलं हमखास विचारतात, "हे दोनशे कशाचे?" आणि हा आयकर नसून राज्याचा कर आहे, एवढं सांगून आम्ही पुढच्या कागदाकडे वळतो.

खरं उत्तर १९७२ च्या दुष्काळापर्यंत जातं. त्या दुष्काळात आमचा हा सगळा भाग खडी फोडायला बाहेर पडला होता. मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सुकडीची चव अजून म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात येते. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. काम मागणाऱ्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी आहे, ही कल्पना त्यांनी आधी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला करून पाहिली होती. तिची रोजगार हमी योजना झाली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये राज्याने नोकरदार, व्यापारी, व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसवला. तो रोजगार हमीसाठी, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. मुंबई-पुण्याच्या कचेरीत बसलेल्या कारकुनाच्या पगारातून निघालेल्या थोड्या पैशांनी कोरडवाहू गावांत बांध घातले, तळी खोदली, रस्ते केले. पुढे २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. माझ्या सासूबाई, आत्या, लग्न होऊन आल्यावर त्याच्या कामावर होत्या. मला घेऊन त्या एकदा बांधावर चढल्या. आतल्या बाजूला काळ्या दगडांची पिचिंग आहे. एकेक दगड हाताने बसवलेला, फटींत लहान चिपा ठोकलेल्या, अधूनमधून रुई उगवलेली. आत्यांनी वाकून एका दगडावर हात ठेवला. "ह्या अंगाला आमची टोळी व्हती. माप घ्यायला सायेब आठवड्यानं यायचा. माप कमी भरलं तर पगार कमी." कुणाच्या पगारातून त्यांचा पगार निघत होता हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्यांच्या पगारातून निघाला त्यांनाही हा बांध कधी दिसला नाही. तलावाखालच्या विहिरींना आजही बाकीच्यांपेक्षा महिनाभर जास्त पाणी टिकतं. दोनशे रुपयांबद्दल विचारणाऱ्या मुलांना मी आता हे सगळं सांगते. मागे लाइन लागते, लागू दे.

५. कर भरायला लागण्याच्या कितीतरी आधी मी करावर वाढले. वडील दौंडला राज्य राखीव पोलीस दलात होते. दौंडला दलाचे गट आहेत, शेजारी नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे अर्ध्या वर्गाचे वडील बंदोबस्तावर असायचे. गणपतीत नाहीत, ईदला नाहीत, निवडणुकीत तर महिनाभर पत्ता नाही. त्यांच्या पगारातून आमची फी, वह्या, दिवाळी. आज त्यांची पेन्शन. ती राज्याच्या तिजोरीतून येते आणि त्या तिजोरीत केंद्राकडून आलेला आयकराचा वाटाही मिसळलेला असतो. पगार आणि पेन्शनवर सरकार फार उधळतं, असं लेखात वाचते तेव्हा दंगलीच्या रात्री हेल्मेट घालून उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. त्या खर्चावर चर्चा जरूर व्हावी. पण हा पैसा वाया गेला, असं त्याच्या घरात वाढलेली मुलगी म्हणू शकत नाही.

६. रेल्वेचं तिकीट मात्र स्वतःच हिशोब द्यायचं. प्रवासखर्चाच्या सरासरी ५७ टक्केच रेल्वे वसूल करते, असं तिकिटावर छापलेलं असायचं. पुण्याहून दौंडला येताना लोक त्याकडे बघतही नसत. उरलेलं मालगाड्यांच्या उत्पन्नातून आणि शेवटी आपल्या सगळ्यांकडूनच भरून निघतं. २०१७ पासून रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्पही राहिला नाही. नवे मार्ग, दुहेरीकरण यांसाठीचा मोठा पैसा सर्वसाधारण अर्थसंकल्पातूनच येतो.

७. आयकर भरणारा म्हणजे सुखवस्तू, असं सरकार धरून चालतं, आणि ते आमच्या भागात नेहमी खरं नसतं. पीएम किसानचे वर्षाचे ६००० रुपये आयकर भरणाऱ्याच्या कुटुंबाला मिळत नाहीत. २०२० च्या सुमारास तहसीलमधून वसुलीच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा आमच्या कारखान्यातले कितीतरी जण कागद घेऊन माझ्याकडे आले होते. कुणाची वडिलोपार्जित वीस गुंठे जिरायत, तीही चार भावांत. एका वर्षी ओव्हरटाइम जास्त झाला, थोडा आयकर बसला आणि आधी आलेले हप्ते परत करायची वेळ आली. दुसरीकडे शेतीचं उत्पन्न आयकरातून पूर्ण मुक्त. वीस एकर ऊस कारखान्याला घालणारा बागायतदार आयकरदाता ठरत नाही. लहान शेतकऱ्यावर आयकर बसावा असं मी चुकूनही म्हणणार नाही, दोन पावसांनी त्याचं काय होतं ते घरात पाहते. पण बड्या बागायतदाराचा विषय निघाला की सगळे पक्ष एकाच वेळी गप्प होतात, त्याची चीड येते.

लाडकी बहीण योजनेचंही तसंच, घरात आयकर भरणारं कुणी असेल तर महिन्याचे १५०० रुपये बंद. माझ्या नणंदेला ते मिळतात आणि त्यातून तिच्या मुलीची शिकवणी चालते. नवऱ्यापुढे हात न पसरता. हे मी जवळून पाहिलं आहे, म्हणून या योजनेला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. मात्र राज्याने २०२५-२६ साठी तिला ३६ हजार कोटींची तरतूद केली, ते कुठल्या कामांचे पैसे थांबवून, हे बहिणींनाही कळायला हवं.

आणि खताची गोणी तर कुणालाच विचारत नाही. युरियाची ४५ किलोची गोणी कृषी सेवा केंद्रात २६६ रुपये ५० पैशांना मिळते, तिचा खरा खर्च त्याच्या कितीतरी पट. वरचा भार केंद्राच्या अनुदानाचा. पाच एकरवाल्याला पाच एकरांचं, पन्नास एकरवाल्याला पन्नासाचं.

८. आयकर शून्य झाला म्हणून कर भरणं संपलं नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं, नोकरदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. आमच्या कारखान्यातल्या बहुतेकांच्या पगारपत्रकावर टीडीएसची ओळ आता कोरी आहे. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये पेढे वाटले गेले. आनंद होताच, मलाही झाला. पण लाइनवरचा कंत्राटी मुलगा, ज्याचा आयकर कधीच नव्हता, त्याचं काय? तो मोबाइलचं रिचार्ज मारतो त्यावर १८ टक्के जीएसटी. गाडीत पेट्रोल घालतो त्यात केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट. सप्टेंबर २०२५ मध्ये साबण, टूथपेस्टवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, पण आला म्हणजे आहेच. मोठ्या साहेबांच्या आणि त्याच्या साबणावरचा कर सारखाच. पगाराच्या मानाने त्याच्या खिशातून जास्त जातो. "आम्ही टॅक्सपेयर आहोत" असं कुणी चढ्या आवाजात म्हणू लागलं की मी आता त्याला थांबवते. या देशात कर न भरणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

'पैसे जातात कुठं?' याचं उत्तर काही देशांत सरकार स्वतःच देतं. ब्रिटनमध्ये २०१४ पासून करदात्याला वर्षाचा गोषवारा दिला जातो: तुम्ही इतका कर भरला, त्यातला आरोग्यावर इतका, पेन्शनवर इतका, कर्जाच्या व्याजावर इतका. ऑस्ट्रेलियातही कराच्या सूचनेसोबत अशी पावती मिळते. आपल्याकडे आयकर विवरणपत्रांचा सगळा कारभार संगणकावर आलेला असताना ही एक पानाची पावती देणं अवघड नाही. आणि ती आयकरवाल्यांपुरती नको, रेशन दुकानाच्या भिंतीवरही लागावी.

९. करांच्या एवढ्या मोठ्या रकमेतला थोडासा पैसा उतरून खाली येतो, आणि तिथे मात्र बोट ठेवून विचारता येतं. वित्त आयोगाचा निधी केंद्राकडून राज्यामार्फत गावाला येतो. महाराष्ट्रात पंधराव्या आयोगाच्या या निधीतले ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला, १० जिल्हा परिषदेला मिळायचे. त्यातला ६० टक्के बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर गावाचं नाव घातलं की आराखडा आणि खर्च फोनवर दिसतो. कामाचं नाव, रक्कम, तारीख. दिल्लीच्या हिशोबापुढे आपण मुकाट बसतो. हा हिशोब आपल्या गल्लीतला आहे.

आमच्या वाडीच्या पाइपलाइनचं काम तिथे पूर्ण झालेलं दिसलं, पैसेही अदा झालेले. नळाला मात्र फेब्रुवारीनंतर थेंब नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला आम्ही बायका ठरवून गेलो. नेहमी ओसरीच्या कडेला बसायची सवय, त्या दिवशी पुढे बसलो. मी फोनवरची नोंद वाचून दाखवली. काम आराखड्याप्रमाणे झालं आहे, असं उत्तर आलं. माझ्याकडे आकडे होते, पण सभेला जागं केलं ते आत्यांनी. रोजगार हमीवर आठवड्याला माप दिलेली बाई ती. उठून म्हणाल्या, "पाईप दिसतोय मला. पाणी दाव. आन् माप कुणी घेतलं ते सांग." मोजमाप पुस्तक पुढच्या ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठेवायचं, असा ठराव झाला. इतिवृत्तात तो लिहून घेईपर्यंत आम्ही उठलो नाही.

पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला. पुस्तक आलं नाही तर दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज जाईल, तो मी लिहून ठेवला आहे. सही आत्या करणार आहेत, कारण कोरडा नळ त्यांच्या दारातला आहे.